काकांना बोर्डावरचं कार्ड हलवता येत नाही

*प्रिय ताई,*

*मी चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, खरेदी विभागात टीम लीड आहे. आम्ही चौदा जण. दिवाळीनंतर कंपनीने ईमेल आणि एक्सेलचा कारभार बंद करून एक नवं सॉफ्टवेअर आणलं. चॅट, कामांची कार्डं लावायचा बोर्ड, व्हिडिओ मीटिंग, सगळं त्यातच.*

*आमच्याकडे बावीस वर्षं काढलेले एक सहकारी आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्यांची नजर हळूहळू गेली. आता ते स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून काम करतात. ईमेल होता तोवर ते आमच्या सगळ्यांच्या पुढे असायचे. कुठल्या सप्लायरने कधी काय दर दिला, तोंडपाठ. नवं सॉफ्टवेअर आलं आणि ते गप्प झाले. विचारलं की म्हणतात, "चालतंय गं, तू तुझं काम कर." आयटीवाले म्हणतात सॉफ्टवेअर अ‍ॅक्सेसिबल आहे, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येतं, तसं त्यांच्या साइटवर लिहिलंय. साहेब म्हणतात, एका माणसासाठी तेरा जणांची पद्धत कशी बदलायची?*

*क्वालिटीतून आमच्या मीटिंगला येणारी एक मुलगी कानाला यंत्र लावते. मीटिंगमध्ये मान हलवते आणि नंतर मला वेगळा मेसेज करून काय ठरलं ते विचारते.*

*मार्चमध्ये अप्रेझल आहे. डॅशबोर्डवर काकांचं नाव सगळ्यात खाली दिसतं. मी काय करू?*

*— एक टीम लीड, चाकण*

---

काकांचं 'चालतंय गं' तुम्हाला पटलेलं नाही, नाहीतर हे पत्र आलंच नसतं. ज्यांच्याकडे बावीस वर्षं बाकीचे विचारायला जात होते, त्यांना आता दर अर्ध्या तासाने पोराटोरांना "जरा हे वाचून दाखव रे" म्हणायची वेळ आली आहे. ते म्हणणार नाहीत. त्यापेक्षा गप्प बसतील, आणि जमेल तेवढं फोनवर उरकतील.

आधी त्यांची सकाळ कशी जाते ते बघू, कारण तुमच्या टीममध्ये ती बहुतेक कुणीच ऐकलेली नाही. काका बहुधा एनव्हीडीए वापरत असतील. हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली ऑस्ट्रेलियात लिहायला घेतला आणि आज जगभर चालतो. काका चॅट उघडतात. पहिला मेसेज एक्सेलचा स्क्रीनशॉट, त्यावर लाल बाण, खाली लिहिलंय "हे बघा". काकांच्या कानात पडतं, "ग्राफिक. हे बघा." दुसरा मेसेज मराठीच, पण रोमन लिपीत लिहिलेला, म्हणजे आपण सगळे फोनवर लिहितो तसा. इंग्रजी आवाज तो इंग्रजीच शब्द समजून वाचतो आणि 'उद्या माल निघाला का' याचा असा काही उच्चार करतो की काकांना तीनदा मागे जाऊन अक्षर-अक्षर ऐकावं लागतं. तिसऱ्या मेसेजात सात इमोजी, आणि सातही नावं एकामागून एक वाचली जातात. मग ते बोर्डावर जातात. तिथे ऐकू येतं : बटण, बटण, बटण. कुठलं कशाचं, ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने लिहिलेलंच नाही. कार्ड 'ऑर्डर दिली' या रकान्यातून 'माल आला' या रकान्यात न्यायचं, तर ते माउसने धरून ओढायचं. तिथे काका थांबतात, शेजारच्या मुलाला सांगतात, आणि तो त्याच्या लॉगिनवरून कार्ड हलवतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, अप्रेझलच्या वेळी लागणार आहे.

ईमेलवर ते तरबेज होते, कारण ईमेलचा साचा वर्षानुवर्षं तोच होता : कुणाचा, विषय काय, मजकूर, पुढचा. सगळं कीबोर्डवर. न बघता काम करणारा माणूस साचा पाठ करतो. दोनदा टॅब, एकदा खालचा बाण, एंटर. रात्रीतून कुणी स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवून ठेवावेत तसं नव्या सॉफ्टवेअरने त्यांचं केलंय, आणि वर दर महिन्याला अपडेट येऊन दोन डबे परत हलतात.

आता बघा, वरच्या सकाळीत निम्म्याहून जास्त अडचणी सॉफ्टवेअरच्या नाहीत. स्क्रीनशॉट तुमच्या टीमने टाकला. रोमन मराठी तुमच्या टीमने लिहिली. इमोजी तुमचेच. त्यासाठी आयटीची परवानगी लागत नाही आणि साहेबांची सहीही लागत नाही, सोमवारपासून सुरू करता येतं. बटणांना नावं नसणं आणि कार्ड ओढावं लागणं हा सॉफ्टवेअरचा दोष. त्याच्या मागे कागद घेऊन लागावं लागेल आणि वेळ जाईल. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बहुतेक ऑफिसांत दोन्ही एकत्र कालवतात, "सॉफ्टवेअर बदलेल तेव्हा बघू" म्हणतात आणि पहिल्या भागालाही हात लावत नाहीत.

काकांशी बोलायचं कसं? सगळ्यांसमोर नको, आणि "तुम्हाला काही त्रास होतोय का" असंही नको. त्याला "चालतंय" हेच उत्तर मिळणार. एखादं नेमकं काम घेऊन त्यांच्या शेजारी बसा. "काका, कालचं कास्टिंगचं कार्ड मला तुमच्या मशीनवर हलवून बघायचंय, कुठे अडतं ते दाखवा." हेडफोन काढून स्पीकर लावायला सांगा आणि वेग थोडा कमी करायला सांगा, सरावलेल्या माणसाचा स्क्रीन रीडर इतका भरभर बोलतो की आपल्याला एक शब्द कळत नाही. अर्धा तास नुसतं ऐका. मध्ये माउसला हात लावू नका. काय अडलं ते तिथल्या तिथे लिहून घ्या, आणि ती यादी बोर्डावर एक काम म्हणून लावा, तुमच्या नावाने. खरेदीच्या माणसाला सप्लायरचा दोष टिपून ठेवायची सवय असतेच, हाही तसाच घ्या. एवढं मात्र सांभाळा : काका हे कंपनीचे फुकटचे तपासनीस नाहीत. "हे चालतं का बघा, ते चालतं का बघा" असं आठवडाभर करवून घेतलं तर त्यांचं खरेदीचं काम मागे पडेल आणि ठपकाही त्यांच्यावरच येईल. तपासायला वेळ घेतलात तर तो कामाचा वेळ म्हणून नोंदवा.

आणि टीमला डोळ्यांवर पट्टी बांधून बसवायचे खेळ कृपा करून करू नका. एचआरला ते फार आवडतात. दहा मिनिटं पट्टी बांधलेल्या माणसाला एवढंच कळतं की अंधार भीतीदायक असतो. वीस वर्षांच्या सरावाने काका काय काय करू शकतात, हे त्यातून कुणालाच कळत नाही.

सवयींचं सांगते. आकडे दाखवायचे असतील तर स्क्रीनशॉट टाकू नका. फाइलची लिंक द्या आणि खाली एक ओळ लिहा : "ब्रॅकेटचा दर 4 टक्क्यांनी वाढला, ओळ 18 बघा." चित्रच टाकावं लागलं, म्हणजे तुटलेल्या पार्टचा फोटो वगैरे, तर काय दिसतंय ते शब्दांत सांगा. 'खोक्याचा डावा कोपरा फाटलाय, आतल्या दोन पिशव्या उघड्या' हे वाक्य उद्या सप्लायरशी भांडतानाही उपयोगी पडतं. मराठी देवनागरीत लिहा. एनव्हीडीएमध्ये मराठी आवाज आहे, थोडा यंत्रासारखा वाटतो, पण देवनागरी नीट वाचतो. नाहीतर सरळ इंग्रजीत लिहा. रोमन मराठी तेवढी टाळा. ज्यांचा हात देवनागरीवर बसत नाही त्यांनी फोनवर बोलून टाइप करावं.

तुमच्याकडे प्लांटमधून मराठी परिपत्रकं येत असतील. ती कशात टाइप केलीत ते एकदा तपासा. पुष्कळ जुन्या ऑफिसांत अजून श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बनतो. डोळ्यांना तो चांगला मराठी दिसतो, पण पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वर फक्त मराठी मुखवटा. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, पोटातलं वाचतो. काकांना त्या परिपत्रकातून निव्वळ खडखडाट ऐकू येत असणार. त्यांनी इतकी वर्षं कुणाला सांगितलंही नसेल, कारण त्यांना वाटत असेल फाइलच बिघडली आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे पोटातही खरी देवनागरी अक्षरंच राहतात अशा पद्धतीने, टाइप करा, एवढाच यावर इलाज. जुन्या फाइली बदलून देणारी साधनंही मिळतात. स्कॅन केलेल्या पीडीएफचीही तीच गत : तो कागदाचा फोटो असतो, त्यात अक्षर एकही नसतं. एनव्हीडीएमध्ये चित्रातली अक्षरं ओळखायची सोय आहे, एनव्हीडीएची कळ आणि आर दाबून, पण शिक्का आणि सही मजकुरावर आडवी पडली की तीही चक्रावते. सप्लायरकडून मूळ फाइल मागा. बहुतेक जण पाठवतात, आजवर कुणी मागितलेली नसते एवढंच.

एक्सेलबद्दल एकच, पण खरेदीत तेच जास्त लागतं. रंगाने अर्थ सांगू नका. "लाल ओळी थकल्यात, हिरव्या झाल्यात" असली शीट काकांसाठी कोरी असते, आणि लाल-हिरव्यात गल्लत होणारे पुरुष तुमच्या चौदांतही असू शकतात, ते कधी सांगत नाहीत. 'स्थिती' नावाचा रकाना घाला आणि त्यात शब्द लिहा. सेल एकमेकांत जोडून मोठमोठी शीर्षकं करायचा शौक सोडा, जोडलेल्या सेलमध्ये स्क्रीन रीडर वाट चुकतो. रंग ठेवायचा असेल तर ठेवा, माझी हरकत नाही, पण शब्दाच्या जोडीला.

मीटिंगमध्ये काका आणि ती मुलगी, दोघांचे प्रश्न उलटे आहेत. इथे थोडं सविस्तर बोलते, कारण एकाची सोय करताना दुसऱ्याची गैरसोय होऊ शकते.

काकांच्या कानात दोन आवाज असतात. एक बोलणाऱ्या माणसाचा आणि दुसरा स्क्रीन रीडरचा. मीटिंग चालू असताना चॅटमध्ये कुणी "+1" टाकलं, कुणी "मीही" टाकलं, की प्रत्येक वेळी तो आवाज बोलणाऱ्याच्या आवाजावर चढतो. मोठे साहेब दर सांगत असतात आणि काकांना नेमकं त्याच क्षणी ऐकू येतं, "अमुक व्यक्तीने अंगठा दाखवला." म्हणून मीटिंगमधलं चॅट कामापुरतं ठेवा आणि महत्त्वाचं काही आलं तर एकाने ते मोठ्याने वाचावं. त्या सूचना बंदही करता येतात, पण मग खरोखर काही आलं तर काकांना कळत नाही. तेव्हा निर्णय त्यांचा त्यांना करू द्या. दुसरं, स्क्रीन शेअर. शेअर केलेली स्क्रीन म्हणजे हलतं चित्र, त्यातलं एक अक्षरही स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. फाइल मीटिंगच्या आधी पाठवा, म्हणजे ते आपल्या मशीनवर उघडून बरोबर चालतील. तुमचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट टीम्स असेल तर त्यात पॉवरपॉइंट लाइव्ह आहे, त्यातून दाखवलेल्या स्लाइड स्क्रीन रीडर वाचू शकतो. नुसती खिडकी शेअर केली तर नाही. आणि "हा आकडा बघा", "इथे घसरलंय" असं बोलू नका, आकडा तोंडाने सांगा. हात वर करायचं बटण शोधत बसायला लागू नये म्हणून काकांना कळ सांगून ठेवा : टीम्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-के, झूममध्ये विंडोजवर ऑल्ट-वाय. बोलणाऱ्याने आधी आपलं नाव सांगावं. चौदा जणांच्या मीटिंगमध्ये सुरुवातीला हे बावळटासारखं वाटतं, आठवड्यात अंगवळणी पडतं.

त्या मुलीला मात्र चॅट हवं आहे. तिच्यासाठी लिहिलेलं तेवढंच खात्रीचं. म्हणजे काकांसाठी चॅट कमी करायचं आणि तिच्यासाठी वाढवायचं, असा पेच दिसतो. पण तिला शेरेबाजी नको आहे, काय ठरलं ते हवंय. एका माणसाला लिहायला बसवा. प्रत्येक मुद्दा संपला की एक ओळ : काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत. ती ओळ चॅटमध्ये टाकण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायची. काकांच्या कानात दिवसाला सहा ओळी पडतील, साठ नाही, आणि मुलीला तुम्हाला वेगळा मेसेज करावा लागणार नाही. ती तो वेगळा मेसेज करते ना, तेव्हा दर वेळी तिला स्वतःची थोडी लाज वाटत असते, हे तुम्हाला कळतंय असं तुमच्या पत्रावरून वाटलं.

टीम्स, झूम आणि गूगल मीट तिन्हीत थेट कॅप्शन मिळतात. ती चालू करायला सांगा, पण त्यावर विसंबू नका. आपलं बोलणं असं असतं : "तो लॉट रिजेक्ट झाला म्हणून मी व्हेंडरला म्हटलं, बघ बाबा, रिप्लेसमेंट दे." मराठीत इंग्रजी, इंग्रजीत मराठी. कॅप्शनला एक भाषा निवडून द्यावी लागते आणि दुसऱ्या भाषेचं ते काहीच्या काही करून टाकतं. पार्ट नंबर तर हमखास चुकतात. म्हणून आकडे आणि नंबर कुणीतरी टाइप करावेत. आणि कॉन्फरन्स रूममध्ये टेबलाच्या मधोमध एक माइक ठेवून सहा जणांनी लांबून बोलायची पद्धत बंद करा. ज्याने त्याने आपल्या लॅपटॉपवर, हेडसेट लावून, चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसावं. कानाचं यंत्र लावणारा माणूस ओठही वाचत असतो. खिडकीला पाठ करून बसलेल्याचा चेहरा काळा दिसतो. शॉपफ्लोअरवरून जोडल्या जाणाऱ्यांनी बोलत नसताना माइक बंद ठेवावा, प्रेसचा दणका यंत्रातून कसा लागतो ते त्या मुलीलाच विचारा.

आता आयटीचं "अ‍ॅक्सेसिबल आहे". जाहिरातीतला हा शब्द सप्लायरच्या 'उत्तम दर्जा'सारखाच वाचायचा. खरेदीवाल्या बाईला मी काय सांगू, तुम्ही टेस्ट सर्टिफिकेट मागितल्याशिवाय बोल्टसुद्धा घेत नाही. इथेही तसा कागद असतो. त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटी कॉन्फॉर्मन्स रिपोर्ट म्हणतात आणि तो बहुधा व्हीपॅट नावाच्या नमुन्यावर भरलेला असतो. तो मागा. त्यात एकेक निकष आणि त्यापुढे 'पूर्ण', 'अंशतः' किंवा 'नाही' असं लिहिलेलं असतं. 'पूर्ण'च्या ओळी सोडा, 'अंशतः'पुढचे शेरे वाचा, खरी माहिती तिथे दडलेली असते. तारीख बघा, आवृत्ती बघा, आणि अहवाल ब्राउझरमधल्या रूपाचा आहे की मोबाइलच्या की डेस्कटॉपच्या, तेही बघा. तिघांत पुष्कळ फरक असतो. काकांनाही एकदा दोन्हीकडे, ब्राउझरमध्ये आणि डेस्कटॉपवर, काम करून बघायला सांगा. एक चालत नाही तिथे दुसरं बरं चालतं, असं होतं.

निकष म्हणजे डब्ल्यूसीएजी, वेबवरची साधनं दिव्यांगांना वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम. सगळं काही कीबोर्डने करता आलं पाहिजे, ही अट त्यात 2008 पासून आहे. जे ओढून करायचं ते न ओढता, साध्या टिचकीनेही करता यावं, ही अट ऑक्टोबर 2023 मधल्या 2.2 आवृत्तीत आली. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस 17802 हे मानकही आहे. हे आकडे पत्रात घातले की सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर जरा लवकर येतं.

पण कागद येईपर्यंत एक चाचणी तुम्ही स्वतः करा. माउस काढून ड्रॉवरमध्ये ठेवा आणि रोजची पाच कामं करा : लॉगिन, कालचा मेसेज शोधणं, उत्तर देणं, कार्ड हलवणं, मीटिंगला जोडणं. टॅब, शिफ्ट-टॅब, बाण, एंटर, स्पेस आणि एस्केप, बस. आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट दिसते का? एखाद्या खिडकीत शिरलं की बाहेर पडता येतं का? जिथे अडकाल ते लिहा. ही चाचणी काकांच्या अडचणी सगळ्या दाखवणार नाही, बटणाला नाव आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. पण आयटीवाल्या मुलाला शेजारी बसवून केलीत तर "अ‍ॅक्सेसिबल आहे" हे वाक्य तो पुन्हा म्हणणार नाही.

कार्डाचं एक बघा. अशा बऱ्याच बोर्डांत कार्ड उघडलं की आत मेनूमध्ये 'दुसऱ्या रकान्यात हलवा' असा पर्याय असतो, कुणी वापरत नाही म्हणून कुणाला माहीत नसतो. आणि तोच बोर्ड यादीच्या किंवा तक्त्याच्या रूपात बघायची सोय असते. तक्ता स्क्रीन रीडरला चांगला समजतो : कुठली ओळ, कुठला रकाना, सांगत जातो. तुमच्याकडे हे दोन्ही असेल तर काकांची निम्मी कटकट दोन दिवसांत संपेल. नसेल तर दोष नोंदवा. नुसतं "काम करत नाही" असं लिहू नका. सॉफ्टवेअरची आवृत्ती, ब्राउझर, स्क्रीन रीडरचं नाव, कुठल्या कळा दाबल्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मायक्रोसॉफ्टसारख्या मोठ्या कंपन्यांचं दिव्यांग ग्राहकांसाठी वेगळं मदतकेंद्र असतं, तिथे लिहिलेलं सर्वसाधारण हेल्पडेस्कपेक्षा लवकर समजतं. शिवाय काकांना या सॉफ्टवेअरचं कीबोर्डवरचं शिक्षण द्यायला माणूस लागेल. तुम्हा सगळ्यांना जे अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग मिळालं असेल ते "इथे क्लिक करा, मग इथे" असंच असणार. काका त्या दिवशी नुसते बसून आले असतील. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीच्या तंत्रज्ञानावर बरीच वर्षं काम करतंय, सुरुवात तिथे विचारून करा.

साहेबांचा प्रश्न राहिला. "एका माणसासाठी तेरा जणांची पद्धत?" याला लोक हौसेने उत्तर देतात की याचा फायदा सगळ्यांनाच होतो. होतो, खरं आहे. पण हे कारण पुढे करू नका. उद्या एखादी सोय अशी निघेल की तिचा फायदा फक्त काकांना आहे, तेव्हा तुमच्या हातात काही उरणार नाही. साहेबांना सरळ सांगा की तेरा जणांची पद्धत दिवाळीनंतर बदलली तेव्हा चौदाव्याला कुणी विचारलं नव्हतं.

कायदाही तुमच्या बाजूने आहे, तो कितपत तेही सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालचा, लागू झाला 19 एप्रिल 2017 पासून. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात 21 आहेत. त्याच्या कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खासगीनेसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची असते. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, तुमच्यापासून लांब नाही. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीच्या धोरणात सहायक साधनं, प्रशिक्षण आणि एक संपर्क अधिकारी यांचा उल्लेख लागतो. एचआरला एवढंच विचारा : आपलं धोरण कुठे आहे आणि संपर्क अधिकारी कोण? बऱ्याच ठिकाणी या प्रश्नावर शांतता पसरते, आणि त्यानंतर कामं हलतात. दंड म्हणाल तर पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत. साहेबांना घाम फुटावा असा नाही, त्याची धमकी देऊ नका. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. तो खटला बँकांच्या ई-केवायसीचा, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीचा होता, ऑफिसच्या चॅटचा नव्हता. पण वारं कुठल्या दिशेला आहे ते साहेबांना कळेल. तुमचे ग्राहक युरोपातले असतील तर कुणीतरी तिकडचा 28 जून 2025 पासून लागू झालेला, दिव्यांगांच्या सोयीचा कायदाही तुमच्यापुढे आणेल. तो प्रामुख्याने ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या वस्तू-सेवांचा आहे, तुमच्या अंतर्गत बोर्डाशी त्याचा संबंध नाही. तो पुढे करून फजिती करून घेऊ नका.

राहिलं अप्रेझल, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात घाईची गोष्ट तीच आहे. तो डॅशबोर्ड काय मोजतो ते बघा. कार्डं किती हलवली, किती शेरे टाकले, चॅटवर किती बोलले. काका ऑर्डर फोनवर पक्की करतात आणि कार्ड शेजारचा मुलगा हलवतो, म्हणजे कामही त्या मुलाच्या नावावर चढतं. डॅशबोर्ड काकांचं काम मोजतच नाही, ते माउस किती वापरतात ते मोजतो. हे वाक्य जसंच्या तसं साहेबांना लिहून पाठवा, मार्चची वाट न बघता, आत्ता. सोबत ईआरपीमधून, म्हणजे कंपनीच्या व्यवहारांच्या नोंदी असलेल्या सॉफ्टवेअरमधून, दिवाळीपासूनच्या त्यांच्या नावावरच्या परचेस ऑर्डर काढा, त्यांनी कमी करून आणलेले दर लावा, परत पाठवलेले लॉट लावा. ते आकडे काकांना तोंडपाठ असतील, तुम्ही फक्त लिहून घ्या. आणि कार्ड कीबोर्डने हलेपर्यंत तो डॅशबोर्ड टीममधल्या कुणाच्याच अप्रेझलला धरू नका, अशी मागणी करा. फक्त काकांना वगळा म्हणालात तर ती सवलत ठरेल आणि काका ती घेणार नाहीत.

आणखी एक. एचआरचा तो स्वमूल्यांकनाचा फॉर्म यायच्या आधीच मागवून घ्या आणि माउसशिवाय भरून बघा. ताऱ्यांवर टिचकी मारून गुण द्यायचे असतील किंवा बार ओढायचा असेल, तर त्याच दिवशी एचआरकडे त्याची वर्ड फाइल मागा.